वारांच्या नावाचे फोल्डर

वसमत,
दि. १८ फेब्रुवारी २०२५

चि. शितल बेटा,

चाँदचाचाच्या भरभरून दुआ. आमी सारे बरे आहोत. शिवारात हळद शिजून राहिली, वास पार घरापर्यंत येतो. तुझी कमरजहाँ चाची रोज विचारते, "पोरगी काहून येत न्हाई?" मी म्हणतो, कामात असंल. ती म्हणते, "कोणत्या कामात? काम तर तुमच्या डोळ्याच्या दवाखान्यानं काढून घेतलं तिचं." मग मी चहा मागतो.

फोन तू उचलत न्हाईस. बराबर आहे. उचलला असतास तर मी पुन्हा हवापाण्याचंच बोललो असतो.

तुला माहीत असलेलंच आधी सांगतो, कारण मधली एक गोष्ट तुझ्यापासून लपलेली आहे. दवाखान्याचे तीन सर्व्हर होते. वसमत, बाळापूर, साखरा. कोणती फाईल कुठल्या मशीनवर, ह्याच्यासाठी दिवसाला वीस फोन. मी तिन्हीकडचे फोल्डर एकाच नावाखाली आणले. माणसानं एकच दार उघडायचं, सामान कुठल्या का खोलीत असंना. आणि तिन्ही मशीन एकमेकांची नक्कल ठेवणार. एकीकडं ठेवलं की तिन्हीकडं. पुसलं, तरी तिन्हीकडं. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस इथवर आला, म्हणून मी किती मिरवलो, तू पाहिलंसच.

साखऱ्याच्या खोलीत सहा फोल्डर दिसले. सोमवार ते शनिवार. आमच्या धंद्यात रोजच्या नकलेला वाराचंच नाव देतात, आठवडा झाला की जुनी जाते. मला वाटलं, तेच. जागा अडवून बसलेत. पुसून टाकले.

तुझी डोळे तपासायची व्हॅन रोज एका गावच्या आठवडी बाजाराला जायची, आणि माणूस ज्या बाजारात डोळे दाखवायचा त्या वाराच्या फोल्डरात तू त्याच्या डोळ्यांचे फोटो ठेवायचीस, हे मला तीन दिवसांनी समजलं. ते पण भिंतीपलीकडून. दवाखान्याच्या डॉ. संध्याताई तुला विचारत होत्या, "साखऱ्याचे फोल्डर तूच सांभाळायचीस ना?"

"म्याडम, मी हात पण लावला न्हाई. चाचाला विचारा."

मला आत बोलावलं. तू माझ्याकडं पाहिलंस. मी म्हणालो, "तपासून पाहतो."

तपासायचं काय होतं, बेटा?

चार महिने मी हे गिळून बसलो. गेल्या गुरुवारी वसमतच्या सेंटरला कपाटामागं वायर ओढत होतो, तर तुझ्या नानीबाई आत्याचा आवाज. सिस्टरला सांगत होत्या, "माझ्या डोळ्याचा फोटो माझ्याच भाचीनं हरवला म्हनतेत." सिस्टर म्हणाली, आजच्या फोटोशी ताडून पाहायला जुना न्हाई, तर डोळ्याची नस किती सुकली ते कळत न्हाई, सहा महिन्यांनी पुन्हा काढू. आत्या हसल्या. "सहा महिन्यांनी तू मला दिसशील का, बाई?"

माझे कान तीक्ष्ण आहेत म्हणून लोक वाखाणतात. त्या दिवशी बहिरा असतो तर बरं झालं असतं.

साखऱ्याची जुनी डिस्क मी फोल्डर पुसायच्या आधीच, नवं मशीन बसवताना काढली होती, टकटक करत होती म्हणून. ती माझ्या दुकानात आहे. तुझे सहाही वार तिच्यात असतील. चालवली असती तर माझी चूक पण बाहेर आली असती, म्हणून हात लावला न्हाई. काल जोडून ऐकली. आधी टकटक, मग सूर लागला. लगेच बंद केली. अजून एकदा चालंल, फार तर दोनदा. मधेच दम सोडला तर हाती लागंल तेवढंच. म्हणून कोणता वार आधी काढायचा, ते ठरवायला पाहिजे. आत्याबाईंना विचारलं, तुमचा वार कोणता? म्हणाल्या, "बाजाराचा." बाकी कोणाचे डोळे घाईचे आहेत, ते पण तुलाच ठाऊक.

आज सकाळी संध्याताईंना सारं लिहून दिलं, खाली सही करून. त्यांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझं काम राहतं का जातं, माहीत न्हाई. त्या कागदाची प्रत सोबत आहे.

तू यायलाच पाहिजे असं न्हाई. एका चिठ्ठीवर वार लिहून पाठवलेस तरी पुरे. आलीस तर डिस्क तुझ्यासमोरच सुरू करीन.

एकच मागणं. तुझ्या बापाला, माझ्या दोस्ताला हिरासिंगला, वाचता येत न्हाई. तू हे पत्र त्याला वाचून दाखव, आणि बापाला तकलीफ होईल म्हणून माझं नाव आलं तिथं आवाज बारीक करू नको.

तू खरं बोलत असताना गप्प उभा राहिलेला,
चाँद पाशा