एका झोपेचं अंतर

अव्वा, काल तुझ्या लेकाचा फोन आला होता. सोलापुरातून विमानं सुटायला लागल्याचा आनंद त्याला आमच्यापेक्षा जास्त. "अक्का, आता मुंबईत उतरलो की पुढचं विमान थेट गावात. पूर्वीसारखं होणार नाही." पूर्वीसारखं म्हणजे काय, ते बोलायची हिंमत त्याला अजून नाही. आता कोणासाठी येतोस, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी नुसतं "बरं" म्हटलं. तुला खरं वाटणार नाही.

तो तुझ्या हयातीत शेवटचा आला, त्या दिवशी तू खाली पाटावर बसून भाकरी थापत होतीस, पाठ काठीसारखी सरळ. त्याने परातीशेजारी फोन धरला. सॅन फ्रान्सिस्को ते हैदराबाद. नकाशावर एक वाकडी रेघ, खाली अंतर आणि तास. "बघ अव्वा, एवढंच. एक झोप काढली की आलोच." ते तास नुसते हवेतले. तिकीट मिळणं, मधल्या विमानतळावर ताटकळणं, हैदराबादहून इथवरचा रस्ता, यातलं काहीच त्यात नव्हतं. मी तसं म्हणाले, तर तू भाकरी उलटत म्हणालीस, "तुला त्याचं काय चांगलं बघवतच न्हाई." मग नव्या पेठेतल्या बांगडीवालीपासून सगळ्यांना सांगत सुटलीस, लेक एका झोपेवर आहे. आणि पुढे अंथरुणाला खिळलीस तेव्हा मला बजावलंस, "मी गेल्यावर तो आल्याशिवाय मला हलवायचं न्हाई." न्हाऊ घालणारी मी, भरवणारी मी. हलवायचं मात्र त्याने.

तू सकाळी गेलीस. आपल्यात माणूस गेलं की अंग ऊबदार असतानाच मांडी घालून भिंतीशी बसवतात, आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. जन्मभर आम्हा भावंडांना "पाठ सरळ" म्हणून दटावणारी तू, शेवटच्या आजारातही म्हणायचीस, "माझी मान पडू देऊ नका." मी म्हणाले, आत्ताच बसवा, संध्याकाळी उरका. काका उसळले, "पोरगा निघालाय की! तू कॉन्व्हेंटची, तुला काय कळतंय यातलं?" बर्फाची पेटी आली. त्या पेटीत माणूस आडवाच मावतो, एवढं त्या सगळ्या जाणत्यांच्या डोक्यात आलं नाही. कॉन्व्हेंटचं ते इंग्रजी मी दिवसभर विमान कंपनीच्या माणसांवर झाडलं. त्याचं मधलं विमान चुकलं होतं.

तो पोचला दुसऱ्या दिवशी, दिवे लागताना. मातीच्या विधीला आलेल्या स्वामींनी तुझे गुडघे धरून पाहिले आणि सोडून दिले. "बसंना झाल्यात, ताई. लई उशीर झाला की." मग तुला आडवीच ठेवली, पाहुण्याला सतरंजीवर निजवावं तशी. त्याने माती लोटली. बायका म्हणाल्या, "नशीबवान हाय बाई, लेकासाठी थांबली." तुझंच तर ऐकलं होतं सगळ्यांनी.

माझी मुलगी आता मेलबर्नला असते. तिला मी स्पष्ट सांगून ठेवलंय, माझ्यासाठी कोणी कोणाची वाट पाहायची नाही; अंग गार व्हायच्या आत मला बसवायचं. "बरं आई," म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली.

हे तुला पोचणार नाही, आणि तुझ्या लेकाला मी दाखवणार नाही. पण काल त्याचा फोन ठेवल्यावर मी मेलबर्न ते मुंबई किती तास लागतात ते पाहिलं, अव्वा. एक झोपच की.