बाबा, मशीन आणि वाइड लेन्स

तीर्थस्वरूप दाजींना,

लांबूनच नमस्कार. (जवळ आलो की तुम्ही सल्ला देता.) तुमची पाठ आणि ताईचा खोकला दोन्ही बरे असतील, असं धरून चालतो. इकडे आम्ही आहोत, एवढंच.

तुम्हाला ठाऊकच आहे, बाबांचा बाइंडिंगचा कारखाना म्हणजे अरुंद बोळकांडी आणि ती अडवून बसलेलं कागद कापायचं मशीन. हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी कारखाना बंद करायचं ठरवलं, मशीन भंगारात जाणार होतं, आणि मला एकच हौस होती: त्याआधी बाबांचा त्या मशीनजवळ एक धड फोटो काढायचा. भिंतीला पाठ लावली तरी माझ्या साध्या कॅमेऱ्यात एक तर बाबा मावत, नाहीतर मशीनचं चाक. तेव्हा तुम्ही फर्मावलंत, की वाइड लेन्स घे, आणि ती शोभते रोल घालायच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यालाच. मी पण असा शहाणा, ऐकलं!

पहिला कॅमेरा देखणा, पण त्यात लेन्समधून दिसतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघायचं. आणि फोटोत किती मावेल हे दाखवणाऱ्या त्या खिडकीतल्या चौकटी वाइड लेन्सइतक्या रुंद नव्हत्याच. दुसऱ्यात चौकट होती, पण पार कडेला; माझ्या चष्म्यामुळे डोळा टेकेना, म्हणून ती दिसेना. (दुकानदार म्हणाला, चष्मा काढा. काढला. मग दुकानदारही दिसेना.) तिसऱ्यात लेन्सचं बूड इतकं आत घुसे, की उजेड मोजणारा काटा आंधळा होई. दर वेळी मी तुम्हाला फोन करायचा, आणि दर वेळी तुम्ही म्हणायचं, "घाई करू नकोस." भंगारवाल्याला मात्र घाई होती, दाजी.

शेवटी तुमच्या पसंतीचा चौथा घेतला, आणि त्याच्या डोक्यावर बसवायची वेगळी छोटी खिडकी. तुम्ही देखरेखीला मुद्दाम आलात. काय सुरेख दिसत होतं त्या खिडकीतून! खालचं चाक यावं म्हणून मी बाबांचं डोकं चौकटीच्या वरच्या कडेला टेकवलं आणि अख्खा रोल संपवला. दुसऱ्या दिवशी मशीनचे तुकडे टेम्पोत गेले. रोल धुऊन आला तेव्हा अक्कल आली, की खिडकी बघते वरून आणि लेन्स बघते खालून, त्यातून ती खिडकी खाचेत हलत होती. एकूण एक फोटोत बाबा नाकापर्यंतच. ओठ आहेत, डोळे नाहीत.

बाबांनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "मशीन पूर्ण आलंय ना? मग झालं." मी म्हटलं, पुन्हा एकदा उभे राहा. तर म्हणाले, "कशाजवळ?"

मला रडू आलं आणि तुमचा संताप आला. दोन्ही अजून ओसरलेलं नाही.

तुमचं ऐकणारा शेवटचा माणूस,
मेहुणा

ता. क. कॅमेरा तुमच्याकडे पाठवतोय. पसंती तुमची, तुमच्याच कपाटात शोभेल.

आणखी एक ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. त्या दिवशी मी रोल संपवत असताना तुम्ही दारातून गुपचूप फोनवर एक फोटो काढलात, मी पाहिलं. (फोनमध्ये वाइड लेन्स असतेच म्हणे, भाची सांगत होती. माझ्या बटणांच्या फोनला हे कुठलं ठाऊक!) इतरांना फिल्मचे धडे देणाऱ्यानं असं करावं, याची तुम्हाला लाज वाटली असेल. मी कुठे बोलणार नाही, शपथ. तो पुसला नसेल तर तेवढा पाठवा. हललेला असला, तुमचं बोट आलेलं असलं, तरी चालेल. मशीन नसलं तरी चालेल. बाबा बघताना दिसले पाहिजेत.