वालाच्या वेलावरची पूड

पूर्णगड, पौष वद्य पंचमी, शके १८५५

चिरंजीव महिपतीस आजीचा आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. माझं अक्षर लावून वाच, हसू नकोस.

तू बोटीने धाडलेलं पंख्याचं यंत्र चांगलं आहे. मूठ फिरवली की पोटातून वारा सुटतो आणि औषधाची पूड कलमाच्या शेंड्यापर्यंत जाते. मोहरावरचे तुडतुडे खाली सडा पडले. चार गड्यांचं काम तुझ्या धाकट्या भावाने, सदूने, एकट्याने केलं. पण वाऱ्याला बांध घालता येत नाही. झाडाला लागते त्याच्या दुप्पट पूड भलतीकडे जाते.

तुझ्या बायकोने, राहीने, तुला लिहिलं असेल की सगळं सदूने केलं. त्याला बोल लावू नकोस. तो म्हणत होता, "आजी, सकाळी मतलई आहे तोवर उडवू. पूड समुद्राकडे जाईल." मीच अडवलं. नव्या यंत्रापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय हात लावायचा नाही म्हटलं. मेला गुरव उगवला दुपारी. तोवर खारा वारा सुटलेला. सगळी पूड घराकडे आली, परसातल्या वालावर बसली.

सदू ओरडला, "वाल उपटूया गो, डब्यावर कवटी काढलीय!" मी म्हटलं, "तुझी तरी कुठे भरलेली आहे?" जन्मभर वेलांवर चुलीतली राख टाकत आले. हीपण तशीच पांढरी. झटकली की झालं, असं वाटलं मला.

तुझ्या लेकीला, चिमाला, कोवळ्या शेंगा कच्च्या खायची खोड. मी बघत होते. चार-पाच खाल्ल्यान.

परवापासून पोरीच्या पोटात काही ठरत नाही. हातपाय गार पडतात. डाक्तर येऊन गेले. डब्यावरचं दोनदा वाचून बघितलं. "दोन दिवस जाऊदेत," एवढंच म्हणाले. मला विचारायचा धीर नाही. राही सदूला शिव्या घालते, तो मान खाली घालून ऐकतो, आणि मी चुलीपाशी बसून राहते. वेल आज मी उपटून पुरला. हात तीनदा धुतले, तरी घास तोंडाशी नेववत नाही.

हे टपालात टाकून आले की राहीला सांगेन. ती काय बोलायचं ते बोलेल.

वर खुशाल लिहिलं ते सवयीने. मिळेल त्या बोटीने ये.

तुझी आजी