कानापुढची शीर

११ जानेवारी १९८३
अखेर कारण कळलं! पाच महिने इथले डॉक्टर मालनच्या चष्म्याचा नंबर बदलत बसले. मुंबईच्या सर्जननी एका फोटोत दाखवलं — डाव्या डोळ्यामागे, मेंदूच्या शिरेला लिंबाएवढा फुगा. पापणी लोंबते ती त्यानंच.

फुगा मुळाशी चिमटा लावून बंद करण्याच्या पलीकडे गेलाय. म्हणून मानेतली शीरच बांधायची. मग मेंदूच्या त्या भागाला रक्त कुठून? तर कानापुढची, कातडीखालची शीर कवटीला भोक पाडून आत न्यायची आणि मेंदूवरच्या शिरेला शिवायची. बायपास म्हणे!

"आजवर असे किती केलेत?" मी विचारलं.

"सहा."

निदान खोटं बोलले नाहीत.

२० जानेवारी
नऊ तास. जिवंत आहे.

आत नेताना मालन म्हणाली, "ताई, अर्धंच डोकं भादरलंय. उरलेल्याची वेणी घालशील?" मी ओरडले तिला. ही काय चेष्टेची वेळ!

४ फेब्रुवारी
नाशिकला, घरी आलो. मालनच्या कानापुढे बोट ठेवलं की टिकटिक लागते. एवढ्याशा शिरेवर माझी बहीण जगते आहे! सर्जनची ताकीद — तिथे दाब नको. चष्म्याची डावी काडी आजच काढून घेतली. डोक्याला काही बांधायचं नाही. डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, तर लगेच फोन.

लासलगावहून मालनची नणंद कुसाबाई मदतीला आल्यात. आल्या आल्या म्हणतात, "वहिनीला सुंठीचा लेप देऊन फडकं करकचून बांधू. लय बरं वाटंल."

मी म्हटलं, "सुंठ चहात घाला. फडकं दिसलं तर चुलीत घालीन."

तोंड एवढंसं झालं. होऊ दे.

८ फेब्रुवारी
मालन कुरकुरली — दुखतंय. टाक्यांपाशी की आत? "टाक्यांपाशीच," म्हणाली. मग चांगली झापली. नऊ तास डॉक्टर उभे राहिले ते तुझं रडगाणं ऐकायला? आणि फडक्याचं मनातही आणू नकोस!

१० फेब्रुवारी
डोकं कसं आहे? "मस्त, ताई." बघा — जरा बोललं की माणूस सुधारतं.

१३ फेब्रुवारी
सकाळी चहा घेऊन गेले. मालनचा उजवा हात लुळा. तोंडातून शब्द नाही. डोक्याला फडकं — करकचून, डाव्या कानावरून!

सोडलं. बोट ठेवलं. काही लागलं नाही. पुन्हा ठेवलं. नाही.

ॲम्ब्युलन्सवाल्यांसमोर कुसाबाईंना खुनी म्हणाले.

१७ फेब्रुवारी
मालन गेली.

सर्जन फोनवर म्हणाले, "फडक्यानं शीर बंद पडली की आधीच, सांगता येणार नाही. पण दुखायला लागलं तेव्हाच कळवायला हवं होतं." मी सांगितलं, दुखत नव्हतंच! घरात एक अडाणी बाई होती, तिनं केलं.

२६ फेब्रुवारी
दहावा. कुसाबाई लांब उभ्या होत्या. कुणी बोलावलं यांना?

१ मार्च
कुसाबाई दारात आल्या. आत ये म्हटलं नाही.

"तिनंच बांधलं, बाई. पाच दिस. तुम्ही नजरेआड झाल्या की बांधायची, चाहूल लागली की सोडायची. डोकं फुटत व्हतं तिचं. त्या दिवशी सोडायला हातच उठला नाय. म्या म्हनलं व्हतं, ताईला सांगते. तर मनगट धरलं माझं — 'नको. बोलेल ती.'"