पुढच्या टोकाची फळी

बा, आज नावंची पुढची फळी काढली. दुसऱ्या कोनाला सांगवंना, म्हनून तुलाच लिवतोय. शाळा चौथीत सुटली, अक्षर तवाचंच वाकडं हाय, तेवढं सोसून घे.

तुला जाऊन सात वर्सं झाली. इतकी वर्सं नाव काकानं चालवली. ह्या साली त्याचे गुडघे धरले आन वल्हं माझ्या हातात आलं. मिरग तोंडावर आलाय. पातळगंगा भरली का खालापूरच्या बाजाराला जानारी मानसं आपल्याच काठावर येऊन उभी ऱ्हानार, आन ती फळी तर अंगठ्यानं दाबली तरी भुसा सुटत व्हता. मंग खोपोलीवरनं म्हातारा सुतार बोलावला. सागाची नवी फळी आठ दिस डोहात बुडवून ठेवली व्हती. कोरडी बसवली तर पान्यात फुगते आन खिळे उपटते, हे तूच शिकवलंस.

तुझा तो श्येवटचा उन्हाळा माझ्या डोळ्यापुढनं हालत नाय. नाव दगडांवर चढवलेली हाय. तू घागरीवर घागर आत वततोयस आन मी नावंखाली उताना पडलोय, हातात चुन्याची डबी. जिथनं थेंब गळंल तिथं चुन्याचं बोट लावायचं, मंग तू त्या फटीत कापूस आन राळ भरायचास. तू वरनं वरडतोस, "दिसतंय काय रं?" मी म्हनतो, "हां, दोन झाले." मंग तिसरा, चवथा. सरकत सरकत मी पुढच्या टोकापाशी आलो, हातभर जागा बघायची ऱ्हायली व्हती, आन मी बाहेर निघालो. म्हनलो, डोळ्यात चुना गेला. तू घागर टाकून धावलास. माझं डोकं मांडीवर घेऊन नदीच्या पान्यानं डोळा धुतलास, फुंकर मारलीस. "आंधळा झालास तर म्हातारपनी मला हात धरून कोन नेनार रं, येड्या?" म्हनून हसलास. मंग इचारलंस, "समदं बघितलंस ना? टोकापातुर?" मी म्हनलो, "झालं."

श्रावनात बाजारावरनं परतताना नाव मधोमध भरली. आत नऊ मानसं व्हती. तू कमरेला दोर बांधून उडी टाकलीस, नाव काठाला वढलीस, एकेकाला उतरवलंस. श्येवटच्या बाईला हात द्यायला दोर सोडलास आन वढीनं तुलाच नेलं. लोक म्हनले, पानी तळातनं आलं. कुठनं आलं ते मला ठाव व्हतं. त्याच हातभर जागेतनं. काकानं नाव राळ लावायला काढली तवा मी बांधापलीकडं लपून बसलो. शाळेत पुन्ना गेलो नाय. लोकास्नी वाटलं, बापामागं पोरानं घर धरलं. मी तसा बी कोनाशी बोलत नसे, म्हनून कोनी काय इचारलं नाय.

आज सुतारानं पहार घालून फळी उचकली आन खो खो हसला. "अरं, नावंला पागोटं कोनी बांधलं रं?" मी वाकून बघितलं. तीच हातभर जागा. फटीत तांबडी चिंधी पीळ घालून ठासलेली, तेलात भिजवलेली, वरनं राळ. बाकी फळी कुजली व्हती, तेवढाच काठ शाबूत. "हितनं कधी थेंब गेला नसंल," सुतार म्हनला.

"मंग बा गेला त्या दिशी पानी कुठनं आलं, सुतारकाका?" सात वर्सांत पयल्यांदा इचारलं.

"पुरातली भरली नाव, पोरा. वरनं बी येतं, खालनं बी येतं. कोन सांगनार?"

आय भाकरी घेऊन आली व्हती. तिनं चिंधी हातात घेतली आन तिचा पीळ सोडवला. "ह्यांचं पागोटं. फाटकं घेऊन घरी आले त्या दिशी मी किती बोलले! म्हनलं, लग्नाचं पागोटं, कुत्र्यानं फाडलं काय? तर नुसतंच हसले."

म्हंजे माझ्या मागनं तू सोता नावंखाली गेला व्हतास. थेंब गळतोय आन चुन्याचं बोट नाय, हे बघितलंस. कापूस सरला आसंल, म्हनून डोक्यावरचं फाडलंस. मला हलकं वाटायला पायजे व्हतं, बा. नाय वाटलं. तुला मी बुडवलं नाय, एवढं कळलं. पन मी खोटं बोललो हे तुला तवाच कळलं व्हतं, आन पावसाळ्यापातुर रोज तू माझ्याच शेजारी बसून जेवलास. एक थोबाडीत ठेवून दिली आसतीस तर बरं झालं आसतं.

नवी फळी बसली. नखभर फट सोडलीय, अजून फुगली तर. उद्या आत पानी भरनार आन मीच खाली जाईन, टोकापातुर.

हा कागद कुठं धाडायचा? आयनं चिंधी पेटीत ठेवलीय, तिच्याखाली सारीन. एक ऱ्हायलं. त्या दिशी चुना डोळ्यात गेलाच नव्हता. शाळेतली पोरं काठाकाठानं येत व्हती, टोप्या घालून, पाट्या बगलंत. त्यांनी मला तुझ्या नावंखाली चिखलात पडलेला बघू नये, म्हनून मी निघालो. तू डोळा धुत व्हतास तवा तो चांगला दिसत व्हता. पन मी तुझ्याकडं बघत नव्हतो, बा. पोरं लांब गेली काय, ते बघत व्हतो.