रातांधळेपणाला यमक

३ मार्च
सूनबाई नर्सिंगची प्रवेशपरीक्षा देणार. वयाची अट पाहता ही शेवटचीच संधी. नाहीतर आहेच औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावणं. निम्मा पेपर सामान्य विज्ञानाचा. चिरंजीव म्हणाले, क्लास लावू. म्हटलं, घरात मी असताना? शाळेतल्या कविता मला आजही तोंडपाठ आहेत आणि विज्ञानातलं अक्षर आठवत नाही. अर्थ उघड आहे. विज्ञान कवितेतूनच शिकवायला हवं. उद्यापासून रोज पहाटे सहाला.

४ मार्च, सकाळी ९
सहाला जाग आली नाही. सूनबाई म्हणते, दोनदा हाक मारली. हाकेत जोर नसावा.

७ मार्च
आज आम्ल. 'आम्लामध्ये बुडता कागद निळा, लाजून झाला लाल.' सूनबाईने विचारलं, आणि आम्लारीत? तेवढ्यात आमचे कवितेचे मास्तर आठवले. टेबलावर पट्टीने ताल धरायचे. त्यांच्याविषयी सविस्तर सांगितलं. तिची कारखान्याची बस चुकली. आम्लारी राहिली. उद्या नक्की.

१२ मार्च
आम्लारी राहिलीच आहे. डोळे चुरचुरतात. पण जीवनसत्त्वं झकास जमली:
'संध्याकाळी दिसेना धड,
जीवनसत्त्व कमी ते ड.'
सूनबाई म्हणाली, बाबा, रातांधळेपणा 'अ' कमी पडल्याने होतो, पुस्तकात आहे. म्हटलं, असेल, पण 'अ'ला यमक मिळत नाही. तू कविता अशीच पाठ कर, परीक्षेत तेवढं फिरवून घे. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

२० मार्च
सूनबाई भांडी घासताना 'दिसेना धड' गुणगुणते. चिरंजीव म्हणाले, ऑफिसात माझ्याही तोंडून निघालं, बाबा, आता पुरे. म्हणजे पद्धत सिद्ध झाली. थकवा फार. दोन दिवस सुट्टी घेतली.

२ एप्रिल
सुट्टी लांबली. सूनबाई बसमध्ये आपली आपण पुस्तक वाचते म्हणे. वाचू दे. पाया मी घातलाच आहे.

११ एप्रिल, दुपारी
पेपर झाला. रातांधळेपणा आला होता. सूनबाईने 'ड'वर खूण केली. म्हणाली, डोक्यात चालच घुमत होती, फिरवायचं होतं हे बाहेर आल्यावर आठवलं. पण कविता ऐन वेळी आठवली, हे काय थोडं झालं? मास्तर असते तर पाठ थोपटली असती.

५ मे
निकाल. सूनबाई एका मार्काने राहिली. पेपर काढणाऱ्यांना काव्याची जाण नाही. ती डबा घेऊन कामाला गेली. चिरंजीवांना म्हटलं, एक मार्क काय, कुठेही गेला असता. ते म्हणाले, कुठे गेला ते माहीत आहे, बाबा.

९ मे
काही लिहावंसं वाटत नाही. दिवसभर 'अ'ला यमक शोधत बसलो. मिळत नाही.

१ जून
सूनबाईने लॅब टेक्निशियनचा कोर्स शोधून काढला. तिथे वयाची अट नाही. प्रवेशपरीक्षा आहेच, विज्ञानही तेच. मी चष्मा पुसून बसलो. ती म्हणाली, बाबा, या वेळी क्लास लावलाय, सकाळी सहाचा. तुम्ही निवांत झोपा.
रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती, तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.