शांताक्काचा गुरुवार

मुरुम

चि. शरणबसप्पास थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. इथं सगळं क्षेम. तुम्हा पुणेकरांचं रक्त-लघवी तपासून क्षेम असेलच.

तू विचारलंस, पुण्यात शिंक आली तरी माणूस डॉक्टरकडं पळतो, मग मुरुमचे लोक आजार अंगावर का काढतात? तब्येती दणकट, की अक्कल कमी? मी छाती फुगवून 'दणकट' असंच लिहिणार होतो, पण तुझ्या वहिनीनं ते उत्तर खोडलं. (गल्ली तिला शांताक्का म्हणते, मीही भीतीनं तेच म्हणतो.)

झालं असं, की शेजारची द्वारकाबाई पोट धरून भिंतीला टेकलेली अक्काला दिसली. दुखणं लई दिवसांचं. अक्का ओरडली, "दवाखान्यात का न्हाय गेलीस?" ती म्हणाली, "सोलापूरला जायचं म्हंजे दिवस मोडतो. म्हशीची धार कोण काढंल? आन् तिथं कुठल्या खिडकीला उभं राहायचं, ते कुणाला ठावं?"

अक्कानं वाद घातला नाही. बादली माझ्या हातात दिली आणि द्वारकाबाईला घेऊन एसटीत बसली. तिकडं पित्ताशयात खडे निघाले; अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. इकडं म्हशीनं पहिल्या लाथेत बादली उडवली, दुसरीत मला. (अक्कानं परत आल्यावर चौकशी केली, ती म्हशीची.)

तेव्हापासून दर गुरुवारी अक्का गल्लीतल्या बायकांना घेऊन निघते. त्यांच्या मागं घरच्या म्हशींच्या धारा आम्हा पुरुषांत वाटून दिल्यात. परवा एवढा घोळका बघून दवाखान्याचा रखवालदार म्हणाला, "मंगल कार्यालय पलीकडं आहे." कुणाची शुगर निघाली, कुणाचा बीपी. गल्ली एकाएकी आजारी पडली नाही रे. सोबतीला माणूस आणि घरी धार काढणारा मिळाला, एवढंच. मी तर या बाईला मनोमन हात जोडतो. (उघड जोडले तर गोठाही झाडायला लावील.)

तुझा दादा,
शंभुलिंग

ता. क. : खरं काम असं. येत्या गुरुवारी तिनं माझंच नाव घातलंय. जिना चढताना जरा धाप लागते, तेवढ्यावरून! तू फोन कर आणि 'दादाला तातडीनं पुण्याला पाठवा' म्हणून सांग. कारण तूच शोध.

आणखी एक ता. क. : भावजी, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडंच दिलं. फोन करू नका. बुधवारी तुम्हीच या. साऱ्या गल्लीला मी नेलं, पण ह्यांना न्यायला मलाच सोबतीला माणूस हवंय.
– शांता